किल्ली कुनाकडं ठिवली?

वडवणीत बसस्टँडच्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात पाऊल टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मालक कुठंयत?" मी स्क्रू पिळत सांगायचे, "जेवायला गेलेत. ठेवून जा मशीन." माणूस मशीन ठेवून जायचा, संध्याकाळी येऊन ते चालू झालेलं बघायचा आणि निघताना म्हणायचा, "मालकाला सांगा, लई झ्याक काम केलं." सांगते, म्हणायचे. मालक नावाचा माणूस त्या दुकानात कधी नव्हताच. आमचे हे बीडला डेपोत मेकॅनिक होते. दुकानाकडं फिरकायचे ते डबा विसरला तरच. घरात दोन मेकॅनिक आणि मिक्सर वर्षानुवर्षं बंद, अशी आमची तऱ्हा. पण जेवायला गेलेल्या त्या मालकाचा मला कधी राग आला नाही. एखादं काम फसलं की मी त्याच्यावर ढकलून मोकळी व्हायचे.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गेल्या वर्षी दुकान आवरलं. आता संपादक म्हणतात, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. आमच्या धंद्यात लिहिण्यासारखं काय असतं? निम्मी मशिनं तर शाळेतल्या खोडरबरानं बरी होतात. आतली मेमरीची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, परत बसवायची. गिऱ्हाईक बघत असलं तर खोडरबर जरा लपवून घासावा लागतो, एवढीच त्यातली कला.

उरलेल्या निम्म्या मशिनांचं दुखणं मात्र खोडरबरानं जात नाही. लोकांना वाटतं, व्हायरस म्हणजे किडा. कुठल्या तरी फटीतून शिरतो. माझा अनुभव वेगळा आहे. तो बहुतेक वेळा समोरच्या दारातून, रीतसर विचारून आत येतो. कॉम्प्युटरवर कुठलाही नवा प्रोग्राम बसायला लागला की पडद्यावर प्रश्न येतो, याला आत घेऊ का? खाली दोन बटणं असतात, हो आणि नाही. आणि आमच्या भागात दारात आलेल्याला नाही म्हणायची पद्धत नाही.

नेकनूरला बन्सीशेठ म्हणून खताचे दुकानदार आहेत. माझे सगळ्यात जुने आणि सगळ्यात भाबडे गिऱ्हाईक. एकदा त्यांच्या मशीनवर एक अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटायला चहा पिऊन होत होता. मी उघडून बघते तर आत जत्रा भरलेली. भविष्य सांगणारा एक, फुकट सिनेमे दाखवणारा एक, आणि कॉम्प्युटर जोरात पळवून देतो म्हणणारे तब्बल चार.

"शेठ, ह्यांना आत कोणी घेतलं?"

"कुनी न्हाई बा. तेच इचारत व्हते, येऊ का म्हून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"या म्हनलं. आता इचारतंय बिचारं, त्याला न्हाई कसं म्हनावं, ताई? चांगलं दिसतंय का ते?"

मी त्यांच्यावर लई ओरडले. ते हसत ऐकून घेत राहिले. मी गेल्यावर पाचवा आला असेल, तर त्यालाही त्यांनी पाट मांडला असणार याची मला खात्री आहे. असल्या माणसावर चिडता येतं, पण फार वेळ नाही.

मग अशा घराची राखण करायची कशी? लोकांना अँटिव्हायरस माहीत असतो. तो म्हणजे चोरांच्या फोटोंचा अल्बम. येणाऱ्याचं तोंड अल्बमशी ताडून बघायचं, जुळलं तर हाकलायचं. पण नवा चोर अल्बममध्ये नसतो, आणि चोर रोज नवे येतात. म्हणून मी उलटा कारभार सुरू केला. चोरांची यादी करण्यापेक्षा घरच्यांची यादी करायची. हे आठ-दहा प्रोग्राम आपले. यांच्याशिवाय कोणी आला, तो कितीही सज्जन दिसू दे, चालूच द्यायचा नाही. प्रश्न विचारायचाच नाही, म्हणजे हो म्हणायची सोयच उरत नाही. ही सोय कॉम्प्युटरमध्ये आतच असते, पण ती वापरायचा कंटाळा सगळ्यांना. मला कंटाळा नव्हता. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजाच यायची. एखादी बाई कडीकोयंडा लावून, वर कुलूप घालून, ते दोनदा ओढून बघते ना, तशी मी प्रत्येक मशीन दोनदा ओढून बघायचे.

त्यात दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, रोज वापरायचं खातं वेगळं आणि मालकाचं खातं वेगळं. यादीत बदल करायचा तर मालकाचा पासवर्ड लागतो. दुसरी, यादीतल्या प्रोग्रामची ओळख कशी ठेवायची ते ठरवायचं. मी ठसा घ्यायचे. प्रत्येक प्रोग्रामचा गणितानं काढलेला एक ठसा असतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणजे आपल्या माणसाचा सदरा घालून परका आला तरी तो दारातच अडकतो. हे सांगताना माझी छाती फुगायची. आता जे सांगणार आहे ते ह्या फुगलेल्या छातीचंच आहे.

वडवणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, गाव लहान आहे आणि सगळे मला ओळखतात. दिवाळी झाली की ह्या गावातली निम्म्याहून जास्त घरं बंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. तेवढे महिने गावात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि कुलपं. ह्या गावानं वर्गणी काढून चावडीशेजारच्या खोलीत अभ्यासिका केली होती, तिथं एक कॉम्प्युटर होता. तो सांभाळायची अश्विनी. बारावी झालेली, आईबाप तोडीला गेलेले. तिनं मला बोलावलं, कारण कॉम्प्युटर दर आठवड्याला आडवा पडत होता. अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकानं त्यात आपापलं काहीतरी भरून ठेवलं होतं. निकाल आधी सांगणारं, गाणी उतरवणारं, फोटो गोरे करणारं.

"ताई, मला हा नीट पाहिजे," ती म्हणाली. "संक्रांत झाली की माझी परीक्षा हाय. हितंच बसून, कॅमेऱ्यासमोर द्यायची."

नर्सिंगच्या शिक्षणासाठी एक संस्था शिष्यवृत्ती देणार होती, तिची ती परीक्षा. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं त्यात होतं. नाही मिळाली तर? मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "न्हाई मिळाली तर उन्हाळ्यात लगीन. मामानं पोरगं बघून ठिवलंय. त्याच्या घरीबी कोयताच हाय." तोडीला नवरा-बायकोची जोडी मोजतात आणि त्या जोडीला कोयता म्हणतात. पोरीचं लग्न झालं की एक कोयता वाढतो. तिनं हे असं सांगितलं, जसं आपण उद्या बस किती वाजता आहे ते सांगतो.

मी मन लावून कुलूप घातलं. सगळं पुसून काढलं, नऊ प्रोग्राम यादीत ठेवले, परीक्षेचा प्रोग्राम उतरवून त्याचा ठसा घेतला, चाचणी करून बघितली. सगळं झकास चाललं. मालकाचा पासवर्ड ठेवला अठ्ठावीस अक्षरांचा. तो डोक्यात मावणारा नव्हता, म्हणून माझ्या डायरीत लिहिला. डायरी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असायची.

काम करताना दारातून समोरचा ओटा दिसत होता. त्या ओट्यावर गयाबाई बसलेली. सत्तरीच्या पुढची, गुडघ्यानं अधू, म्हणून तोडीला जायचं केव्हाच सुटलेलं. तोडीला जाणारी सगळी आळी आपल्या घराच्या किल्ल्या तिच्याकडं ठेवून जायची. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात वीस-पंचवीस किल्ल्या आणि प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची नाहीतर सदऱ्याची चिंधी बांधलेली. वाचता येत नव्हतं, पण चिंधी बघून घर सांगायची.

मी बघत असताना एक तरणी बाई पिशवी घेऊन आली. बाळंतपणासाठी तोडीवरून लवकर परतलेली. म्हणाली, आजी, किल्ली द्या. गयाबाईनं डबा उघडला नाही.

"कोनाची तू?"

"विठ्ठलची मंडळी. मला वळखलं न्हाई व्हय?"

"तोंड वळखून मी काय करू? उन्हानं तोंड बदलतंय. गेलतीस तवा गोरी व्हतीस." मग शांतपणे विचारलं, "तुमच्या घरात पान्याचा रांजन कुठं हाय?"

"दारामागं. फुटलाय वरून, फडकं बांदलंय."

तेव्हा डबा उघडला आणि हिरवी चिंधी बाहेर निघाली. मला हसू आलं. मी अश्विनीला म्हणाले, तुमच्या आजीनं तर घरबसल्या माझा धंदा मांडलाय.

जाताना गयाबाईनं मला हटकलं. "झालं का कुलूप लावून?"

"झालं, मावशी."

"किल्ली कुनाकडं ठिवली?"

"माझ्याकडं."

"आन् तू कुठं ऱ्हातीस?"

"वडवणीला."

"मंग हितं कायी झालं तर?"

"काही होत नाही," मी म्हणाले. "फोन करा, मी आहे की."

तिनं डबा जरासा स्वतःकडं ओढून घेतला, एवढं मला आठवतं.

परीक्षेच्या दिवशी बन्सीशेठच्या मुलीचं लग्न होतं, नेकनूरला. न जाऊन चालणार नव्हतं, आणि जायला हरकत तरी काय होती? दोनच दिवसांपूर्वी अश्विनीनं चाचणी करून बघितली होती. परीक्षा दुपारी एकला होती, सव्वाएकनंतर आत घेणार नव्हते. मी भरजरी साडी नेसून गेले. मांडवात बँड असा वाजत होता की शेजारच्या बाईशीही खुणेनं बोलावं लागत होतं. फोन पर्समध्ये होता. अक्षता पडल्या, पंगत बसली, मी दोनदा बुंदी घेतली. हात धुऊन पर्स उघडली तेव्हा एक पस्तीस झाले होते आणि अश्विनीचे अकरा फोन येऊन गेले होते. एक निरोप लिहिलेला होता. "ताई, तुमच्या मालकाने हा प्रोग्राम बंद केला आहे असं येतंय. काय करू?"

काय झालं असणार ते माझ्या तिथंच ध्यानात आलं. परीक्षेच्या प्रोग्रामनं सकाळी स्वतःला नवं करून घेतलं होतं. सगळेच प्रोग्राम करतात, त्यात वावगं काही नाही. पण नवं झालं म्हणजे ठसा बदलला आणि ठसा बदलला म्हणजे माझ्या यादीपुढं तो परका. माझं कुलूप अगदी मी सांगितलं तसंच वागलं होतं. आपलंच माणूस त्यानं दारात अडवलं होतं. पासवर्ड डायरीत, डायरी ड्रॉवरमध्ये, दुकान बंद, दुकानाची किल्ली माझ्या पर्समध्ये आणि मी दीड-दोन तासांच्या वाटेवर पंगतीत. मालक कुठंयत? मालक जेवायला गेलेत. इतकी वर्षं थट्टेत सांगत आले ते त्या दिवशी शब्दशः खरं झालं.

अश्विनीला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. बन्सीशेठ मुलीची पाठवणी सोडून माझ्याकडं आले. त्यांनी माझं तोंड बघितलं. पुतण्याला म्हणाले, "गाडी काढ बे, ताईला सोडून ये. वाटंत कुठं थांबू नको." आत कोणालाही घेणारा हा माणूस, त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी वरातीची गाडी काढून दिली. मी पुढं त्यांच्यावर कधी ओरडले नाही.

वडवणीत दुकान उघडून डायरी घेतली आणि गावात पोचले तेव्हा चार वाजत आले होते. परीक्षा तीनला संपलेली. हे मला माहीत होतं, तरी डायरी छातीशी धरून मी अभ्यासिकेत गेले. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर तीच पाटी होती, मालकाने बंद केला आहे म्हणून. खोलीत कोणी नव्हतं.

गयाबाई ओट्यावर होती. "ये," ती म्हणाली. "बस हितं. पोरगी चहा करतीया."

मी ओट्यावर बसले. पुढची दहा मिनिटं मी काय केलं ते इथं लिहायची गरज नाही. गयाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि ती रस्त्याकडं बघत बसली. मग अश्विनी चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती हसत होती.

"दिली ताई परीक्षा. दोन परश्न सोडले, बाकी सगळे लिवले."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं ते असं.

साडेबाराला प्रोग्राम अडला. मला फोन लावून लावून ती रडत गयाबाईकडं आली. गयाबाईनं विचारलं, दुसरीकडं असलं मशीन कुनाकडं हाय? अश्विनी म्हणाली, कांताकाकूच्या घरात हाय. अभ्यासिकेची आणि कांताच्या घराची भिंत एकच. कांता आणि तिचा नवरा तोडीला, थोरला पुण्यात कामाला. त्यानं आपला जुना लॅपटॉप घरी आणून ठेवलेला. घराला कुलूप, किल्ली डब्यात. गयाबाईनं कांताला फोन लावायला सांगितलं. लागेना. उसाच्या फडात कुठलं नेटवर्क? तीनदा लावला. एकला दहा मिनिटं कमी होती.

गयाबाईनं आजवर मालकाच्या शब्दाशिवाय कोणाचं दार उघडलं नव्हतं. स्वतःच्या सख्ख्या भावालाही उघडून दिलं नव्हतं म्हणे, त्यावरून त्याचं बोलणं बंद झालं ते झालंच. त्या दिवशी तिनं डबा उघडला, जांभळ्या चिंधीची किल्ली काढली आणि गुडघे धरत उठली.

"कांता माज्याकडं किल्ली ठिवून गेली, ती कावून?" ती मला सांगत होती. "नुसती जपायला? जपायला तर ती कमरंला लावून घेऊन गेली असती की. अडीनडीला उगडाया कुनीतरी पाहिजे म्हून ठिवली. मग अड आली तर मी किल्ली धरून बसू का?"

दार उघडून ती स्वतः उंबऱ्यावर बसली. अश्विनीला सांगितलं, आत तू एकटीनं जायचं, त्या मशीनला हात लावायचा, दुसऱ्या कशाला न्हाई. आणि परीक्षा संपेपर्यंत ती उंबरा सोडून उठली नाही. पाय आखडले तरी. अभ्यासिकेचं इंटरनेट भिंतीपलीकडं येत होतं. आणि लॅपटॉपचा पासवर्ड? तो झाकणावर चिकटपट्टीनं लावलेला होता. ज्या गोष्टीवरून मी जन्मभर लोकांना टाकून बोलले, ती. त्या लॅपटॉपला ना यादी, ना ठसा. बन्सीशेठसारखाच तो. परीक्षेचा प्रोग्राम म्हणाला, येऊ का? तो म्हणाला, या. एक वाजून बारा मिनिटांनी अश्विनी आत गेली. परीक्षेचा नियम म्हणून फोन बंद केला, तो नंतर चालू करायचा राहूनच गेला.

माझं पोलादी कुलूप ठोकळ्यासारखं बसून राहिलं आणि पोरीचं आयुष्य एका मोकाट लॅपटॉपनं आणि एका अडाणी म्हातारीनं तारलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

त्या संध्याकाळी कांताचा फोन लागला, तेव्हा मी अजून तिथंच होते. गयाबाईनं सगळं सांगितलं. तुज्या इचाराबिगर दार उगडलं, पटत नसंल तर किल्ली दुसऱ्याकडं ठिव, असंही म्हणाली. पलीकडून कांता हसल्याचा आवाज आला. "मावशे, एवढ्यासाठी फोन केला व्हय? मी म्हनलं म्हस गेली का काय."

"इचारावं लागतंय," गयाबाई म्हणाली आणि फोन अश्विनीच्या हातात दिला.

मग मी डायरीतलं एक पान फाडून त्यावर ती अठ्ठावीस अक्षरं सुवाच्य लिहिली आणि तो कागद गयाबाईपुढं धरला. "मावशी, ही माझी किल्ली. तुमच्या डब्यात ठेवा."

तिनं कागदाची गुंडाळी केली. "चिंधी दे."

अंगावर भरजरी साडी. मी पदराकडं बघितलं, तिनंही बघितलं. "ऱ्हाऊ दे ते. हातात हाय ते दे." हातात रुमाल होता. तिनं दातानं त्याची कड फाडली, कागदाला गाठ मारली आणि कांताच्या किल्लीशेजारी टाकली.

पुढचे दोन-तीन महिने मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं फिरून आले. वडवणी, नेकनूर, अगदी युसूफ वडगावपर्यंत. ठशाची यादी काढून टाकली. त्याऐवजी आता प्रोग्राम कोणी बनवला त्याची सही बघायची. बनवणाऱ्याची सही खोटी करणं सोपं नसतं, आणि प्रोग्राम कितीही वेळा नवा झाला तरी सही तीच राहते. ही सोय मला आधीही माहीत होती. ती ढिली वाटायची म्हणून मी नाक मुरडायचे. तोंड बदलतं, घर बदलत नाही, हे मला शिकवायला विठ्ठलच्या बायकोचा फुटका रांजण लागला. आणि प्रत्येक गावात मालकाचा पासवर्ड कागदावर लिहून कोणाकडं तरी ठेवला. त्यासाठी शोधायची ती किल्ल्या सांभाळणारी बाई. प्रत्येक गावात एक तरी असतेच. बहुतेकींना वाचता येत नाही, त्यामुळं कागद उघडून बघितला तरी बिघडत नाही. दुकान आवरताना ती डायरी मी चुलीत घातली.

अश्विनीला शिष्यवृत्ती मिळाली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. मामानं बघितलेल्या पोराचं दुसरीकडं जमलं, त्याच्या लग्नाला ती जाऊन आली आणि आहेर करून आली.

यंदा दसऱ्यानंतर तिचा फोन आला. अभ्यासिका आता कोमल नावाची मुलगी बघते, तिथल्या यादीत एक नवा प्रोग्राम घालायचा होता. "ताई, तुमीच जावा. कागद आजीकडं हाय. आन् आजीला आता दिसत न्हाई हं, दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दिवाळीच्या सुट्टीत आले की आमच्या दवाखान्यात नेनार हाय तिला. तवा कोन हाय ते नीट सांगा."

मी गेले. ओटा तोच, डबा तोच. कोमल बरोबर होती, आळीतल्या चार बायका शेंगा निवडत बसल्या होत्या. गयाबाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"कोन हाय?"

"मी शोभा."

"कोनाची?"

मी ह्यांचं नाव सांगितलं. माहेरचं आडनाव सांगितलं. वडवणीची कॉम्प्युटरवाली, असंही सांगितलं.

"आसं तर कुनीबी म्हनंल."

"मावशी, आवाज तरी ओळखा."

"आवाज बदलतोय मानसाचा." तिनं डबा उघडला. बोटांनी चाचपत चाचपत तो कागद काढला, पण मुठीतच ठेवला. रुमालाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "ही चिंधी मी बांदली तवा वली व्हती. कावून?"

बायकांचे हात थांबले. कोमल माझ्याकडं बघायला लागली. माझं इतकं वय झालं, धंद्यात कित्येक मशिनं माझ्या हातून कायमची मेली, गिऱ्हाइकांनी नको ते ऐकवलं, पण चारचौघांत मी कधी डोळ्याला पदर लावला नाही. ओट्यावरच्या त्या दहा मिनिटांचं घरी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. गयाबाई वाट बघत होती. तिला काही घाई नव्हती.

"रडलते मी," मी म्हणाले. "पोरीची परीक्षा माझ्यामुळं बुडाली असं वाटलं. लई रडलते."

तिनं मूठ उघडली.

अर्ध्या तासात काम झालं. नवा पासवर्ड नव्या कागदावर लिहिला, त्याला तीच जुनी चिंधी बांधली आणि ओट्यावर नेऊन दिला. गयाबाईनं गाठ चाचपली, कागद डब्यात टाकला, झाकण दाबून बसवलं आणि मग विचारलं, "जेवलीस का?"

मी नाही म्हणाले. तिनं भाकरीचं टोपलं पुढं ओढलं.